बरणीतले तुरीचे दाणे

आर्णी, मंगळवार, दिवेलागण

कादंबरीचं एक पान पुरं झालं की खिडकीतल्या काचेच्या बरणीत तुरीचा एक दाणा टाकायचा, हा माझा नियम. लिहिणं अडलं, धीर सुटला की त्या बरणीकडे बघते. दाणे वाढलेले दिसले की जीव थाऱ्यावर येतो. आज सहज पानं आणि दाणे मोजून पाहिले, तर दाणे पानांपेक्षा कितीतरी जास्त! म्हणजे इतके दिवस मी कशाच्या भरवशावर शांत होत होते?

टाकले कोणी? सासूबाईंनी. विचारलं तर सरळ कबूल.

"तू रोज सांजेले लिवाले बसतं. मले वाटलं, बसली का एक दाना टाकाचा."

"पण आई, मी तर नुसतं खोडत असते! पान कुठं होतं?"

"मंग काय झालं? कापूस येचला का किलोवर पैसे, पन तन निंदाले गेलं का दिवसाचा रोज भेटते. निंदणारी बाई वावरातून काय घेऊन येते? तरी तिची हजेरी लागतेच ना?"

रागानं उठून आले. महिनाअखेर प्रकाशकाला पानं द्यायची आहेत, हजेरी नाही! बरणी ओतून टाकणार होते. खरंच टाकणार होते.

मग पुन्हा लिहायला बसले. आजही नवी ओळ एकही नाही, नुसतं खोडलं. कालचं अर्धं पान गेलं. उरलेलं मात्र... वाचून पाहिलं दोनदा. मोकळं झालंय.

बरणी अजून तशीच आहे. बाहेर सासूबाईंची पावलं वाजली. त्या खिडकीशी पोचायच्या आत आजचा दाणा मीच टाकला.