देवालाही लागू असलेला नियम

दि. १४, मंगळवार, सकाळ

चि. वकीलबाईस आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. आईने ती मोठ्याने वाचली, मी पेपर वाचतोय असं दाखवत ऐकली. इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मी दुरुस्त केला. आता न्हाणीतला गळतो.

साडेतीन वर्षांपूर्वी जेवताना आपलं जे झालं, ते डोक्यातून जात नाही. लहानपणापासून वाद घालायचीस म्हणून मी तुला वकीलबाई म्हणायचो; तेव्हा तू नुकतीच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागली होतीस. म्हणालीस, "बाबा, एखादी गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असं देवालाही करता येणार नाही." मी म्हणालो, "म्हणजे देवाच्या डोक्यावर साहेब बसवलास की!" तू हसलीस. "साहेब नाही हो, नियम. तो कुणी केलेला नाही." तुझं ते हसणं मला झोंबलं. पुढे मी काय बोललो, ते तुला माहीत आहे.

खरं तर तो नियम मीच तीस वर्षं राबवला. कारखान्यात माझ्याकडे तपासणी. पोलादी गेज, म्हणजे मापाचा दांडा, प्रत्येक नगाच्या भोकात घालायचा. गेला तर माल पास, अडला तर नापास. तिसरा ढीग नव्हताच. पण एकदा गेज हरवेल या धास्तीने मी तो मुठीतच धरून बसलो. मुठीच्या उबेने तो केसभर फुगला, आणि दुपारपर्यंत मी चांगला माल ढिगाने नापास केला. फोरमन म्हणाला, "अहो, मालाला काय शिव्या देता? मूठ सोडा आधी!" नियम बरोबर होता गं. तापलेला हात माझा होता.

वर आई बरी आहे असं लिहिलं. बरी आहे आणि बरी नाही, दोन्ही एका पत्रात चालायचं नाही, तेव्हा वरचं खोडलं असं समज. तिच्या हृदयाची झडप बिघडली आहे. येत्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "यश येईल किंवा येणार नाही." तुझ्याच जातकुळीतला माणूस! मी दवाखान्याच्या बाकावर देवाला विनवत बसतो आणि मध्येच तुझं बोलणं आठवतं. देव नियमाला बांधलेला नसेल, तर त्याने 'वाचवतो' म्हटलं तरी ते 'वाचवत नाही'सुद्धा असेल. मग भरवसा कशावर ठेवू? आणि बांधलेला असेल, तर मी मागतो ते त्याच्या हातात कितीसं? सातवी शिकलेल्या माणसाला हे सुटत नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "देवाचं देव बघेल. तुम्ही पोरीला बोलवा."

त्या दिवशी मी म्हणालो होतो, तू माझी मुलगी नाहीस. आज तुझ्याच नियमाने सांगतो. मुलगी आहे आणि मुलगी नाही, हे देवालाही जमायचं नाही, तिथे माझी काय बिशाद! ते वाक्य बोललो तेव्हाही खोटंच होतं.

आई दाराकडे डोळे लावून असते. मीही असतो. सोमवारच्या आत येते म्हण, नाहीतर येत नाही म्हण, पण लगेच कळव. मधलं मला झेपत नाही.

तुझा बापच