शिकागो की ह्यूस्टन

४ जून २००१
अमेरिकेहून नीलेशची ई-मेल. कंपनीने त्याला दोन शहरांतलं एक निवडायला सांगितलंय – शिकागो किंवा ह्यूस्टन. 'जिथे स्वस्त पडेल तिथे राहू. तूच ठरव, सुरेखा.' मी ठरवू! लग्नानंतर एकवीस दिवस नवऱ्याबरोबर काढले. महाडपलीकडे पुणं तेवढं पाहिलंय.

६ जून
शाळा सुटल्यावर मुरारीच्या सायबर कॅफेत तासभर बसले. शिकागोत घरभाडं जास्त, पण आगगाडी आहे. ह्यूस्टनला भाडं कमी, पण मोटार हवीच. शिकागोत थंडीचा कोट लागेल. मुरारी म्हणाला, कोट एकदाच घ्यायचा, पेट्रोल रोज. पटलं. शिकागो.

९ जून
सासूबाई म्हशी शेजाऱ्यांवर सोपवून गावाहून, कुडपणहून आल्या. नीलेशने त्यांनाही तीन महिन्यांसाठी बोलावलंय. पहिला प्रश्न – दूध कुठे स्वस्त? परत कॅफेत. दूध सारखंच. मग त्यांनी विचारायला सांगितलेला गवताचा भाव. तिकडे लोक अंगणातलं गवत पैसे देऊन कापून घेतात आणि टाकून देतात, असं मुरारीने वाचून दाखवलं. घरी येऊन सांगितलं.
"टाकून देतात? आन् म्हशी काय खातात?"
रात्री नीट जेवल्या नाहीत.

१२ जून
ह्यूस्टनला पूर. घराघरांत पाणी. सासूबाई घाबरतील म्हणून जपून सांगितलं. त्या उलट खुलल्या. महाडला काय पाणी येत नाही? सामान माळ्यावर टाकायचं. शिवाय आता भाडं उतरेल.
ह्यूस्टन.

२० जून
ह्यूस्टन म्हणून कळवलं. उत्तर एका ओळीचं – 'नक्की? उकाडा महाडसारखाच आहे.' म्हणजे एसी. एसीचं बिल शोधलं. पुन्हा शिकागो. तिथे घर गरम ठेवायचं बिल निघालं!
कॅफेतच रडू आलं. मुरारीला वाटलं बिलामुळे. त्याने तासाचे पैसे घेतले नाहीत. खरं म्हणजे नीलेशचा आवाज कसा आहे ते आठवेना.

२१ जून
सासूबाई विचारतात, दोन्हीच्या मधे एखादं गाव नाही का.

१४ ऑगस्ट
मुंबईहून परत. सासूबाईंना व्हिसा मिळाला. मला नाही.
गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसलो, तेव्हा त्यांनी माझा हात मांडीवर घेतला.
"रडू नको गो. मी जाते आन् त्याला घेऊन येते."