सराईतली एकुलती एक खाट

प्रिय मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार (‘सप्रेम’ हा शब्द केवळ शिष्टाचारापुरता वाचावा). तुमची सर्दी कशी आहे? बरी नसल्यास आधी वाफ घ्या, मग पुढे वाचा. कारण हे पत्र मी संतापून लिहीत आहे.

मी तुम्हांला संगणकावरील त्या खेळाची शिफारस केली होती. ती मी आजही मागे घेत नाही. चौकटीचौकटींची ठेंगणी माणसे, चौघांची टोळी, वाचवायला एक राज्य. दिसायला थेट आपल्या शाळकरी वयातला. परंतु त्यातली लढाई म्हणजे निखळ सुख. शत्रू वार करण्यापूर्वी एक पाय मागे घेतो. डावा घेतला तर आपण ढाल धरायची, उजवा घेतला तर भाला. नेमक्या क्षणी कळ दाबली की त्याचा वार त्याच्यावरच उलटतो. (पाहा, भांडायला बसलो आणि शिकवू लागलो. वीस वर्षे भूमिती शिकवल्याचा हा परिणाम.)

आता मुद्दा. जुन्या खेळांचा बाणा राखण्यासाठी कर्त्यांनी प्रगती जपायला एकच जागा ठेवली आहे: खेळातल्या सराईतली, म्हणजे धर्मशाळेतली, एकुलती एक खाट. तिच्यावर जो शेवटी झोपतो त्याचा खेळ उरतो, आधीच्याचा पुसला जातो. तिथे माझे चार योद्धे नऊ आठवड्यांच्या मेहनतीनंतर निजले होते; पुलाखालच्या बेडूकराजाला हरवणे तेवढे बाकी होते. रविवारी मी तुम्हांला माझ्या खुर्चीत बसवले, खेळ समजावला आणि चहा गाळायला आत गेलो. परतलो तेव्हा तुम्ही हसतमुखाने म्हणालात, “दाजी, झोपलो बघा सराईत. आता पुढं काय?”

पुढे काय? माझ्या चौघांतला आचारी गेला, मेहुणेबुवा. तो कढईने लढायचा, आणि काय लढायचा! तुमची बहीण म्हणते, खोटीच तर माणसे होती. तिला काय सांगणार? ज्या हातांनी तुम्हांला चहा दिला, त्या हातांची मला लाज वाटते. यापुढे माझ्या टेबलाच्या चार हातांच्या त्रिज्येत तुम्ही येऊ नये.

तुमचा (नाइलाजाने) दाजी

ता. क. टेबल आवरताना तुमच्यासाठी मी लिहिलेला सूचनांचा कागद सापडला. तिसरी सूचना, माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित: ‘सर्वप्रथम सराईत जाऊन झोपावे.’ तरीही तुम्ही विचारायला हवे होते.

ता. ता. क. तुम्ही हा खेळ स्वतःच्या घरी आणून चार दिवसांत बेडूकराजाला लोळवल्याचे कळले. मला त्याने सतरा वेळा आडवे केले होते. मी शून्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. बहिणीला न सांगता उलट टपाली एवढेच कळवा: तो दोन्ही पाय एकदम मागे घेतो, तेव्हा काय करायचे?