नोंद होईपर्यंत

आदिलाबाद,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय मालनताई,

नमस्कार. भाऊजींनी परवा स्वतःहून ज्वारीची भाकर मागितली, असं तुझा प्रवीण सांगत होता. ऐकून बरं वाटलं. इकडे थंडी फार आहे. शीतल कॉलेजला जाताना माझा स्वेटर घालून जाते आणि मी तिच्या बाबांचा घालते. बाकी आम्ही ठीक.

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि तुझ्या ओसरीत सदा चार माणसं बसलेली असतात. म्हणून लिहिते आहे. हे तूच वाच, प्रवीणला मोठ्याने वाचायला लावू नकोस.

आधी पाहुण्यांचं. भाऊजींना भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनचं बटण थोडं फिरवून जातो, हे मला तू फार उशिरा सांगितलंस. शेजारच्या आशाबाईंनी तर चहाची बशी खाली ठेवून "घे दादा, पोटभर घे" म्हणत आकडा वाढवला म्हणे. तू अडवलंस तर वर टोमणा, "काऊन वं मालन, दोनावरच ठेवलं? लाईट बिल वाचवून राह्यली का?" मग तू आकडा तसाच राहू दिलास. मीही राहू दिला असता. आपल्याकडे पाहुण्याचा हात धरता येत नाही.

पण कापसाच्या जिनिंगच्या धुळीत आयुष्य गेलेल्या छातीला ऑक्सिजन जास्त झाला की श्वास उलट मंद होतो. आतली खराब हवा आतच साठते आणि माणूस गुंगीत जातो. तुला वाटलं, किती दिवसांनी शांत झोप लागली. त्या दुपारी तू फोन केलास तेव्हा आकडा पाचावर होता आणि भाऊजी हाक मारूनही डोळे उघडत नव्हते. मी म्हटलं, दोनावर आण, उशा लावून बसतं कर, रात्री श्वासाला जोर देणारी ती मास्कची मशीन आताच लाव, प्रवीणला गाडी बोलवायला सांग. तू सगळं केलंस. ते वाचले ते तुझ्यामुळे.

आता माझं. आमच्या कामासाठी नवा कायदा झाला आहे, हे मी दिवाळीत सांगितलं होतं. श्वासाची मशीन चालवणाऱ्याने सरकारी परिषदेकडे नाव नोंदवायचं, त्याशिवाय हे काम करता येणार नाही. माझा डिप्लोमा आहे, अनुभव आहे. अर्जासोबत आमच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, की ही बाई डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच काम करते.

ते प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

तू भाऊजींना आमच्याच दवाखान्यात आणलंस तेव्हा डॉक्टरांना म्हणालीस, "मास्कच्या मशीनचं प्रेशर आमच्या पूनमनंच फोनवरून वाढवलं जी. ते बी डॉक्टरच हाये." तू कौतुकाने बोललीस, त्याचा सल मनात ठेवू नकोस. मी दारात उभी होते आणि मला, खोटं कशाला सांगू, तेव्हा अभिमानच वाटला.

ऑक्सिजन डॉक्टरांनी लिहिलेल्या आकड्यावर आणायला सांगून मी थांबले असते, तर काहीच प्रश्न नव्हता. पण मास्कचा दाब मी माझ्या मनाने वाढवायला सांगितला. डॉक्टरांना फोन केला नाही. ते बाजूच्याच खोलीत होते, ताई. मला सुचलंच नाही असंही नाही. मला वाटलं, एवढं तर मला कळतं.

आणि कळत होतंच. पण आपल्याला कळतं, असंच मशीन भाड्याने देणाऱ्या एका पोऱ्यालाही वाटलं होतं. गेल्या वर्षी त्याने गुडीहत्नूरच्या ताराबाईंचा दाब असाच अंदाजाने वाढवला आणि त्यांचं फुफ्फुस फुटलं. त्यांच्या छातीत नळी घालताना त्यांचा हात मी धरला होता. असला कायदा लवकर यावा, असं तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरत होते.

प्रवीणकरवी तू निरोप पाठवलास, "डॉक्टरले सांग, बटण म्या माह्याच मनानं दाबलं, पूनमनं काई सांगितलं नाई." तुझी माया मला कळते. पण तसं म्हटलं तर पुढच्या वेळी तू खरंच मनाने बटण दाबशील. आणि आशाबाईही दाबतील.

म्हणून शुक्रवारी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "पूनम, प्रेशर बढ़ाने को तुमने बोला था?" तेव्हा मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. पेन बाजूला ठेवून म्हणाले, "फिर मैं ये कैसे लिखूं कि तुम सिर्फ ऑर्डर पे काम करती हो?" जे घडलं ते तसंच लिहून ते परिषदेला पाठवणार आहेत. परिषद काय ठरवेल ते त्यांनाही माहीत नाही. तोवर मला आयसीयूतून काढलं आहे. मी स्टोअरमध्ये बसते. आतल्या मशीनचे अलार्म तिथपर्यंत ऐकू येतात. कोणता कशाचा ते मला बसल्या जागी कळतं, आणि मी उठत नाही. उठायचं नाही हे अजून शिकते आहे.

डॉक्टरांचा नंबर प्रवीणच्या फोनमध्ये घालून दिला आहे. भाऊजींना काही झालं तर आधी तिथे लाव, मला नंतर. पाहुण्यांनी बटणाला हात लावला तर सरळ सांग, डॉक्टरांची मनाई आहे. वाईटपणा त्यांच्या माथी गेला तरी चालेल, त्यांना मी विचारलं आहे.

संक्रांतीला मी येते आहे. भाऊजींपाशी बसेन, त्यांच्या थट्टा ऐकेन. मात्र मशीनकडे बघ असं मला म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मला नाही म्हणता येणार नाही.

सध्या फक्त तुझी बहीण,
पूनम