मे महिन्यातला ब्लेझर

कळंबोली, सोमवार

प्रिय भिमाताई,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? दाजींचा खोकला उतरला असेल. इकडे सगळे खुशाल, फक्त तुझी राजश्री माझ्याशी बोलत नाही. (फोनवर तू मला वाक्य पुरं करू देणार नाहीस, म्हणून लिहितोय.)

काल प्रितम तिला बघायला येणार होता. फोटोत त्याने सूट घातलेला. क्रेनवाल्याची भाची म्हणून कुणी नाक मुरडू नये, म्हणून मीही ब्लेझर चढवला. मे महिन्यात! त्यात एसी बंद पडला. मेकॅनिकला फोन केला आणि घाम पुसत सुटाबुटातल्या पाहुण्याची वाट बघत बसलो. माझे कान तिखट, तुला ठाऊकच आहे. रस्त्यावरच्या ट्रेलरचा गिअर मी घरात बसून सांगतो. जिन्यात सेफ्टी शूज वाजले. दारात बॉयलर सूट, हातात हेल्मेट. म्हटलं, "या राव, किती उशीर! बेडरूममधला बघा, स्टूल तिकडंय." तो "सर, मी..." म्हणेपर्यंत मी म्हटलं, "कारणं नकोत, पाहुणे येतायत." बिचारा गुपचूप स्टुलावर चढला. (द्रोणागिरीच्या गोदामात इंजिनिअर आहे, ड्यूटी लांबली, तसाच आला होता.) तेवढ्यात राजश्री पोहे घेऊन आली आणि किंचाळली, "मामा, हे प्रितम आहेत!" त्याच्या हातात एसीची जाळी, आणि माझ्या अंगात ब्लेझर.

तो हसला, हात धुतले, निघाला. पोहे तसेच. पण हे मेले कान! जिन्यात आईला फोनवर सांगत होता, "माणसं वाईट नाहीत गं. पण बस म्हणालं नाही कुणी."

ताई, तसल्याच कपड्यांत मी इथवर आलो. तेलकट आहेस, खुर्चीला हात लावू नकोस, असं किती ऑफिसांत ऐकलं. ते विसरायला एक ब्लेझर पुरला.

तुझा धाकटा,
सुगत

ता. क. त्याच्या आईशी तूच बोल, माझा फोन त्या उचलत नाहीत. राजश्रीला मुलगा पसंत आहे. स्टुलावरच आवडला, असं मैत्रिणीला फोनवर सांगत होती.

ता. क. २: हे लिहिताना परत जड बूट वाजले. वाटलं, बोलणी करायला प्रितमचा भाऊ आला. धावत जाऊन सोफ्यावर बसवलं, पोहे दिले, हात जोडून माफी मागितली. बशी रिकामी करून तो म्हणाला, "शेठ, होतं असं. आता एसी दाखवा ना."

आतून राजश्री हसल्याचं ऐकू आलं. कालपासून पहिल्यांदाच.