गाडी, कॅरव्हॅन आणि आखूड झालेला दांडा

मी, खाली सही करणारी बाई, या घराची आणि अंगणातल्या गाडीची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कान थोडे कमी झालेत, पण दाराआडची कुजबुज अजून नीट ऐकू येते. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. कुणाला करायची असेल तर करून बघावी. शाळा मी सही येईपर्यंतच शिकले, तेव्हा कुणी ऱ्हस्वदीर्घ शोधत बसू नये. आधी लिहिलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, बिस्किटांच्या डब्यातलं धरून.

कलम १. घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावावर. एकट्या मुलाच्या नावावर केलं तर त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, वर्षभरात बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी मेहुणा राहायला येईल. एकट्या सुनेच्या नावावर केलं तर मुलगाच अंगणात झोपेल.

कलम २. बँकेत जे निघेल ते मुलाचं. माझ्या फोटोला चौकट करण्यात त्यातलं काही घालवू नये. फोटोत मी हसतेय, लोकांचा गैरसमज होईल.

कलम ३. घरधन्याची हत्यारं मुलाला. जॅकचं हँडल वाकलंय, ती शेजाऱ्याची करणी. नेताना सरळ होतं, आणून दिलं तेव्हा म्हणाला, "असंच होतं की वहिनी!" ते हँडल त्यालाच द्यायचं, म्हणजे रोज बघेल, असं ठरवलं होतं. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये. मला साक्षीदार हवाय. म्हणून शेजाऱ्याला काही नाही, फक्त सही.

कलम ४. गाडी आणि कॅरव्हॅन. हे जरा लांबेल.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली, गाडीच्या मागच्या हुकाला अडकवून ओढत न्यायची. घरधनी वजनकाटे दुरुस्त करायचे. गावोगाव हिंडायचे, मी सोबत. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे सरळ केले, पण आपल्या गाडीच्या पाठीवर किती ओझं पडतंय ते या माणसाने कधी पाहिलं नाही. एका उतारावर गाडी मागून बसली आणि पुढून नाक वर करून चालायला लागली. स्टीयरिंग इतकं हलकं झालं की फिरवलं तरी पुढची चाकं दाद देईनात. मागून खोली ढकलतेय. आम्ही थेट चरात. त्यांचा पाय मोडला, तो वाकडाच जुळला. मला खरचटलं फक्त, पण तेव्हापासून माझा कशावर विश्वास नाही.

मग त्यांनी झाडूच्या दांड्यावर एक खाच केली. रिकामी गाडी सपाट जागी उभी करायची, मागच्या चाकाजवळ दांडा उभा धरायचा, मडगार्डची कड कुठे येते ते बघायचं. मग खोली अडकवायची, पुन्हा बघायचं. कड खाचेच्या खाली गेली की निघायचं नाही, मग घरात कितीही आरडाओरडा होवो. घरधनी पुढे अंथरुणात गेले, रस्त्यावर नाही, ते या खाचेमुळे.

आता नातीला, म्हणजे माझ्या मुलीच्या मुलीला, ती खोली हवीय. शिलाईमशीन दुरुस्त करत हिंडणार आहे. हिंडू दे, मला हरकत नाही. पण तिने सगळी लोखंडी मशीनं खोलीच्या पुढच्या टोकाला रचली आणि गाडी कुत्र्यासारखी मागच्या पायांवर बसली. मुलाने मागचे स्प्रिंग काढून जाड घातले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे घातले. दांडा लावला. तरी कड खाचेच्या खाली.

"आई, अजून बोटभर बसतेय," मुलगा म्हणाला. "स्प्रिंगच्या पोटात हवेच्या रबरी पिशव्या बसवतो, मागवल्यात. तोवर थांबू दे तिला."

"मामा, बोटभराने काय होतंय?"

"तुझ्या आजोबांचा पाय बोटभरानेच गेला," मी म्हणाले.

त्यानंतर पिशव्या आल्या नाहीत आणि एके दिवशी कड खाचेला बरोबर लागली. मुलगा दाढी खाजवत म्हणाला, "नवे स्प्रिंग आहेत, बसले असतील जागेवर." स्प्रिंग बसले तर गाडी खाली जाईल की वर येईल? मी गप्प राहिले. मी गप्प बसले की घरात सगळे घाबरतात, तो घाबरला नाही. मला तेही आवडलं नाही.

तोच दांडा मी स्वयंपाकघरातल्या उंच खिडकीची कडी ढकलायला वापरते. दुसऱ्या दिवशी कडी लागेना. मी हवेतच ढोसतेय.

"वयाने माणूस आखडतं, आई," सून म्हणाली.

"मी आखडले, पण दांडा कधीपासून म्हातारा झाला?"

उलटा करून बघितला. जमिनीला टेकून टेकून काळं पडलेलं टोक गायब, तिथे पांढरं ताजं लाकूड. कुणीतरी बुडातून कापला होता. दांडा आखूड, म्हणजे खाच खाली, म्हणजे बसलेली गाडीही बरोबर दिसणार.

करवत मुलाची. गाडीवर हात त्याचा. म्हणून: गाडी मुलाला नाही. ज्याला आईपुढे खरं बोलवत नाही त्याला स्टीयरिंग कशाला?

कलम ५. वरचं 'गाडी मुलाला नाही' हे रद्द. खोडत नाही, वाचू दे त्याला. पुढे कामाला येईल.

कलम ४ लिहून झाल्यावर सून आली आणि टेबलावर लाकडाचा एक तुकडा ठेवला. एका टोकाला काळा. "कॅरव्हॅनमध्ये मिळाला. शिलाईमशीन डुगडुगू नये म्हणून पायाखाली सारलेला."

"तू तिथे काय करत होतीस?"

"तुमच्यासारखाच मलाही आमच्या ह्यांचा संशय आला होता. म्हणून आधी त्यांच्या वस्तू बघितल्या, मग तिच्या."

नातीला बोलावलं. सामान भरून झालं होतं, सकाळी निघणार होती. तो उतार तिच्याही वाटेवर आहे. तुकडा बघून फणकारली, "आजी, तुझी खाच कधी पुरीच होत नाही! तू मला जाऊच देणार नव्हतीस."

"देणार होते. जिवंत."

रडली. मी थांबवलं नाही, पण किल्ली काढून घेतली.

तर आता पक्कं: खोली नातीला. गाडी मुलाला. एकाशिवाय दुसरं हलत नाही, तेव्हा दोघांनी आपसात बोलावं. मुलाने पिशव्या बसवाव्यात. खोली अडकवली की हवा भरायची, सोडली की काढायची. मशीनं खोलीच्या चाकांच्या बरोबर वर ठेवावीत, हुकापाशी नाही आणि गाडी उचलली जावी म्हणून अगदी मागच्या टोकालाही नाही, नाहीतर खोली शेपटी हलवत गाडीला फिरवेल. जाड स्प्रिंग घातले म्हणजे जास्त सामान भरायची परवानगी मिळाली असं कुणी समजू नये. कड खाचेला लागली की मुलाने गाडी नातीला वापरायला द्यावी. त्याआधी तिने कितीही गोड बोलून मागितली तरी नाही.

कलम ६. दांडा. कापलेला तुकडा मी स्वतः खिळा ठोकून परत जोडलाय, सांधा दिसतो. हा दांडा सुनेला, एकटीला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. डब्यातली साखरसुद्धा चाखून बघते. मला त्याचा फार राग यायचा, अजून येतो. पण या घरात मोजायला तिच्याइतकं लायक माणूस दुसरं नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच. जायचं की नाही, ते ती सांगेल.

हे सगळं वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर केल्या.

सही: (वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार १: शेजारी, जॅकवाला
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा औषधवाला, मी शुद्धीत असल्याचं रोज ऐकून घेणारा

ठिकाण: स्वयंपाकघर, उंच खिडकीखाली
तारीख: ९ मार्च

ता. क. सहीच्या आधी सुनेने दांड्याने कडी उघडून दाखवली. सही झाल्यावर, ती चहा ठेवायला वळली तेव्हा, मी दांडा पुन्हा कडीला लावून बघितला. पोचतो.