एपेनाचा चर

ब्राझाव्हिल, १२ जून २०१९

ती. एयेंगाताईस बोलेकोचा शि. सा. न.

धुरी दिलेले मासे पोचले. अर्धे मित्रांनीच फस्त केले. पण आज चेष्टा सुचत नाही.

फेब्रुवारीत मी आपल्या दलदलीत नळी खुपसत होतो, तेव्हा तू हसलीस, की एवढं शिकून चिखलच उपसतोस! त्या चिखलाच्या, म्हणजे पीटच्या, थरांचं वय कळलं. पाण्याखाली न कुजता साठलेला पाचोळा तो. सर्वांत वरचा थर यंदाचा हवा. निघाला दोन हजार वर्षांपूर्वीचा! नळी उलटी धरली असं वाटून तीनदा तपासलं. ताई, वरची दोन हजार वर्षं गायब आहेत. पाणी उतरलं की पीट कुजतं, त्यातला कार्बन हवेत जातो. आपलं पाणी कुणी उतरवलं? लाकूडवाल्यांनी? नाव कळव, सोडणार नाही त्यांना.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा बोलेको

मोंबेंगा, ३ जुलै

चि. बोलेकोस अ. उ. आ.

लाकूडवाले इकडे फिरकलेसुद्धा नाहीत. अरे, पाणी उतरवणारा चर आपणच खणला! एपेनाच्या शाळेत तुझं नाव लागलं आणि कोरड्या महिन्यांत होडी जाईना, तेव्हा मोलोंगामामांनी अख्ख्या गावाच्या हाती फावडी दिली. झाडांची मुळं कमरेएवढी उघडी पडलेली मी रोज बघते. मला वाटायचं, झाडं वाढली; खचली होती जमीन. मूर्खच मी.

काय करायचं ते स्पष्ट लिही. माझी लेक बोयेला याच चरातून शाळेला जाते, हे मात्र ध्यानात ठेव.

तुझी ताई

ब्राझाव्हिल, २४ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

चार दिवस अन्न गेलं नाही. इतकी वर्षं त्या चरातून गेलो-आलो, मला तो नुसता रस्ता वाटायचा. चोर मीच निघालो.

चर बुजवावा लागेल. नाहीतर खालचे थरही जातील, आणि तुमचे मासेही. कोणत्या तोंडानं सांगू? बोयेलाला माझ्याकडे पाठव, इथल्या शाळेत घालतो. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

बोलेको

मोंबेंगा, २० ऑगस्ट

चि. बोलेकोस अ. उ. आ.

मामांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. हेच सांगायला पोराला शिकवलं का, म्हणून ओरडले, मग रडले. चरात पहिली टोपली त्यांनीच टाकली. चर बुजवला म्हणून मामीनं त्यांच्याशी अबोला धरलाय.

बुजवण्याआधी शेवटची होडी सोडली, तीत बोयेला आहे. तिला मनिऑकच्या पाल्याची भाजी आवडत नाही. लाड करू नकोस, खायला घाल. आता वाट फक्त पुराच्या महिन्यांत, आणि तेव्हा तिची शाळा भरलेली असणार. सुट्टीत येते, असं म्हणून ती होडीत बसली. मी हो म्हणाले. खरं काय ते तू सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई